गोमा मैलकुली आणि पुलाची मोजणी

आमच्या नि गोमाच्या घरात एकच कूड. त्यामुळं त्यांच्याकडं फोडणीत काय पडलं ते मला नाकानं कळायचं आणि भांडण कशावरून झालं ते कानानं. मुद्दाम ऐकायला जावं लागत नसे. जावं लागलं असतं तर गेले असते, ती गोष्ट वेगळी.

त्या सकाळी मी तांदूळ पाखडत होते. गोमाची बायको बायजा एरवी आवाज चढवणारी नव्हे. त्या दिवशी मात्र कुडाची माती पडेल असा आवाज लागला होता.

"तुमाला कोनी सांगितलं व्हतं गाड्या थांबवाया?"

"कोनी नाय."

"मंग का थांबवल्या?"

"पावनी आली व्हती गं. एवढी शिकल्याली बाय. तिच्या समूर डंपर धडाधड नाचवू व्हय?"

"अवो, तिला तेच बगायचं व्हतं ना! डंपर नाचतो तोच! मशीनं कशापायी लावली तिनं पुलाला? तुमी किती गुनाचं हायसा ते बगाया?"

मग गोमाचा आवाज, विहिरीतून यावा तसा.

"बायजे, आपली पोर रोज त्याच पुलावरनं जाते गं."

"मंग मी दुसरं काय बोलते!" आणि एक भांडं भिंतीवर येऊन आपटलं. भिंत माझीही होती, पण मी काही बोलले नाही. सूप हातात तसंच राहिलं. कारण गाड्या थांबवल्या होत्या हे मलाही ठाऊक होतं.

गोमा नात्यानं माझा चुलत दीर. मला वयनी म्हणायचा. रस्त्यावर मैलकुली म्हणून लागला तेव्हा त्याच्या ओठावर मिसरूड नव्हतं, आणि सुटायची वेळ आली तेव्हा डोक्यावर केस नव्हते. मैलकुली म्हणजे काय ते आताच्या पोरांना सांगावं लागतं. रस्त्याचा एकेक तुकडा एकेका माणसाच्या ताब्यात. खड्डा पडला की मुरूम टाकायचा, गवत वाढलं की कापायचं, पावसात मोरी तुंबली की हात घालायचा. गोमाच्या ताब्यात हायवेच्या फाट्यापासून सात किलोमीटर. फाट्यावरून आत आलं की आधी नदीवरचा पूल, मग एक वळण, मग आमची वाडी, आणि वाडीच्या पुढं डोंगर फोडणारा खडीक्रशर. तिथंच गोमाचा रस्ता संपायचा, आणि त्याचं जगही.

तो माथेरानला एकदाच गेला होता, भावकीतल्या लग्नाला. आल्यावर म्हणाला, "वयनी, तिथं गाड्याच नायत. नुसती घोडी. तिथल्या मैलकुलीचं नशीब बगा!" अख्ख्या माथेरानात त्याला दिसलं ते एवढंच.

साहेब येणार म्हटलं की रस्ता सजवायचा, हे त्याच्या अंगात भिनलेलं होतं. पहिल्या मुकादमानं पहिल्याच दिवशी शिकवलं होतं म्हणे. कठड्याला चुना मारायचा, कडेचे दगड गेरूनं रंगवायचे, साहेबाची जीप जायच्या वेळी बैलगाडी आडवी येता कामा नये. साहेब खूश होऊन जायचे. रस्ता बाकीचं वर्ष कसा असतो ते कुठल्याच साहेबानं कधी पाहिलं नाही, आणि त्यात कोणाचं काही बिघडलंही नव्हतं. तोवर.

पुलाची गोष्ट अशी. चाळीस-पंचेचाळीस वर्षांचा पूल, तीन गाळ्यांचा. क्रशर आल्यापासून त्याच्यावरून भरलेले डंपर जायला लागले. पूल थरथरायचा. आम्ही बायका पुलावरून चालत असलो आणि मागून डंपर आला की तळपायाला मुंग्या यायच्या, दात आपोआप एकमेकांवर वाजायचे. कोणीतरी अर्ज केला. तिकडं क्रशरवाल्यालाही डंपर वाढवायचे होते, त्याला पूल मजबूत आहे असा कागद हवा होता. दोघांचे अर्ज एकाच कचेरीत पोचले आणि कचेरीनं कॉलेजातली माणसं धाडली. त्यांची म्होरकी आसावरी. कर्जत गावातल्या जुन्या घरातली, बाप शिक्षक. अंगावर खिशांची पँट, डोक्याला टोपी, आणि पोटात भूक. म्हणून तीन दिवस ती जेवायला माझ्याकडं.

तिनं पुलाखाली नि कठड्याला साबणाच्या वड्यांएवढ्या डब्या चिकटवल्या. त्यांच्या तारा फाट्याकडच्या काठावर ताडपत्रीखाली, तिथं ती संगणक घेऊन बसायची. पहिल्या दुपारी मी भाकरी वाढत विचारलं, "का गं बाय, थरथरणारा पूल पडतो का?"

"आजी, सगळेच पूल थरथरतात. थरथरायलाच हवेत. किती नि कसे, ते बघायचं. पाळण्याला झोका देता ना तुम्ही? पाळणा परत फिरला की त्याच क्षणी पुन्हा हात लावला तर?"

"वरवर चढत जातो."

"तसंच. एका डंपरचा दणका पूल पचवतो. पण तो निवायच्या आत दुसरा आला, तोही खड्ड्यात आदळून, तर झोका वाढतो."

"पण उद्या कोणता डंपर कधी येणार ते तुला काय ठाऊक?"

"नाहीच ठाऊक. म्हणून तर तीन दिवसांत जेवढ्या गाड्या जातील तेवढ्यांची थरथर टिपायची. त्यावरून वर्षभराचा अंदाज बांधायचा. वाईट वेळ किती वेळा येऊ शकते, आणि आली तर पूल तग धरेल का. नक्की कोणी सांगू शकत नाही आजी, शक्यता तेवढी सांगता येते."

"म्हणजे शितावरून भाताची परीक्षा."

"अगदी तेच!"

"मग एवढ्या तारा कशाला आणल्यास?"

ती खळखळून हसली. गोमा शेजारीच जेवत होता, तोही हसला. मग तिनं त्याच्याकडं वळून विचारलं, "काका, रोज अशीच वाहतूक असते ना इथं?"

गोमानं घास गिळला. मान हलवली. "हां म्याडम. रोज अशीच."

तसं नव्हतं. त्या दिवशी पहाटेच त्यानं पुलाच्या तोंडाचा मोठा खड्डा मुरूम टाकून, धुम्मसानं ठोकून सपाट केला होता. भरलेले डंपर तो अलीकडच्या वळणावर थांबवून, पहिला नदीपार झाल्याशिवाय दुसरा सोडत नव्हता. वळणापलीकडचं आसावरीला दिसत नव्हतं. रिकामे डंपर फाट्यावरच्या चहावाल्याला सांगून तिकडंच अडवले होते. चालकांनी त्या तीन दिवसांत जेवढा चहा प्याला तेवढा वर्षात प्याला नसेल. सगळे त्याला ओळखणारे, म्हणाले, गोमादादाचे पाहुणे आहेत, थांबू.

हे मला ठाऊक होतं. मी समोर बसून भाकरीवर तूप घालत होते. पाहुण्यापुढं घरचं उणं काढायचं नाही हे मला माझ्या आईनं शिकवलं होतं. मी गप्प राहिले. या गोष्टीतलं अर्धं पाप माझं आहे, ते इथंच सांगून टाकते.

चार महिन्यांनी आसावरी अहवाल घेऊन आली. देवळापुढं सगळी वाडी जमली. तिनं सांगितलं, एका वर्षात पुलाला धोका पोचायची शक्यता लाखात एक. लोकांनी टाळ्या वाजवल्या. क्रशरवाल्यानं पूल इतकी वर्षं सांभाळला म्हणून गोमाला शाल नि नारळ दिला. टाळ्या थांबल्यावर आसावरी पुढं म्हणाली, "महत्त्वाचं म्हणजे, तीन दिवसांत दोन जड गाड्या पुलावर एकदम आल्याचं एकदाही दिसलं नाही. तशी वेळ आली असती तर आकडा वेगळा लागला असता."

मी गोमाकडं पाहिलं. नारळ त्याच्या हातात होता. तो त्या नारळाकडं बघत होता, जणू कोणी आपल्या हातात काय ठेवलं ते त्याला कळत नाही.

पण तो बोलला नाही. एवढी वाडी टाळ्या वाजवत असताना उठून 'हे खोटं आहे' म्हणायला छाती लागते, आणि त्याच्या छातीवर तेव्हा शाल होती. दोन दिवसांनी बायजाला सांगितलं. तेच ते मी ऐकलेलं भांडण.

महिन्याभरात तो नोकरीतून सुटला आणि डंपर दुपटीनं वाढले. कागदच होता ना, लाखात एक! खड्डा पुन्हा उघडला. सकाळी सातला डंपरांची पहिली पाळी भरून निघायची, आणि सातलाच कुंभिवलीकडच्या पॅकिंगच्या कंपनीची बस आमच्या बायकांना घेऊन निघायची. चौतीस बायका. त्यात गोमाची सुरभी, एकुलती एक लेक. नवरा वारल्यावर माहेरी आलेली, पदरात दोन लेकरं, आणि ते काम हाच तिचा आधार. बसच्या पुढं डंपर, मागं डंपर, आणि खाली तो पूल.

गोमा माझ्याकडं आला. "वयनी, कर्जतला येता का? त्या बायचं घर बगू."

गेलो. तिची आई भली बाई, आम्हाला पोहे दिले. आसावरी मात्र तिकडं आसामात कुठला पूल मोजायला गेली होती. आईनं फोन लावून दिला. गोमानं सगळं सांगितलं.

"काका, तिन्ही दिवस थांबवल्यात?"

"तिनी दिस."

"आणि पुलाच्या तोंडाचा खड्डा?"

"भरला व्हता म्याडम. तुमी यायच्या आदीच."

"मग मी पूल मोजलाच नाही, काका. मी तुम्हाला मोजलं."

गोमा त्या परक्या घरात, परक्या खुर्चीत बसून रडला. मी त्याला लहानपणापासून बघत होते, बाप गेला तेव्हाही तो असा रडला नव्हता. आसावरी रागावली नाही. उलट म्हणाली, मी तुम्हाला नीट विचारायला हवं होतं, क्रशरकडची नोंदवही बघायला हवी होती, ते मी केलं नाही. मोजणी परत व्हायला हवी, मी आजच लिहिते. पण परवानगी कचेरीची लागेल.

कचेरीत गोमानं किती खेपा घातल्या त्याला गणती नाही. खालापूरला उतरून पुढं दुसरी गाडी धरायची, दिवस जायचा. तिथला कारकून कपाळाला हात लावायचा. "बाबा, अहवाल वाईट आला म्हणून तक्रार करणारे रोज येतात. चांगला आला म्हणून रडत येणारे तुम्ही पहिलेच." मी वाहतूक अडवली, माझ्यामुळं मोजणी चुकली, असं गोमानं सही करून लिहून दिलं. तो कागद या टेबलावरून त्या टेबलावर गेला आणि बसला.

वाडीत कळलं तेव्हा लोक त्याच्यावर उठले. पूल बंद झाला तर बस यायची नाही, डोंगरामागनं एकोणीस किलोमीटरचा वळसा. गजा म्हणून एक आहे, क्रशरवर मुकादमी करतो, तो देवळापुढं सगळ्यांदेखत म्हणाला, "चाळीस वर्सं पडला नाय तो पूल आता काय पडतोय? म्हातारा रिकामा झालाय, त्याला काम पायजे."

मी म्हटलं, "गजा, मी पण ऐंशी वर्षं मेले नाही. म्हणजे आता मरायची नाही, असं लिहून देतोस का?" लोक हसले. पण हसण्यानं पूल मजबूत होत नाही.

सगळ्यात वाईट म्हणजे सुरभी. कुडापलीकडून ऐकलं मी. "बाबा, तुमी आदी पूल चांगला म्हनून नारळ घेतला, आता वाईट म्हनून बोंब मारताय. माजं काम गेलं तर पोरांच्या तोंडात तुमची शाल घालू?" त्यानंतर ती त्याच्याशी बोलायची बंद झाली. एकाच चुलीवरचं जेवण, पण शब्द नाही.

गोमाची तेव्हा जी दशा झाली ती मी जन्मात कोणाची पाहिली नाही. पूल बंद करायचा अधिकार त्याला नाही. चालू राहिलेला डोळ्यांनी बघवत नाही. सातच्या सुमाराला तो घरातनं अंगणात आणि अंगणातनं घरात येरझाऱ्या घालायचा. एकदा मला म्हणाला, "वयनी, रोज सकाळी मी लेकीला मारतो नि रोज सात वाजून धा मिन्टांनी ती परत जिती व्हते."

आणि मग एके दिवशी त्यानं माळ्यावरून जुने बावटे काढले. एक लाल, एक हिरवा. घमेलं, फावडं, धुम्मस घेतलं आणि पुलावर जाऊन उभा राहिला. खड्डा भरला. डंपर आला की लाल. तो पार झाला की हिरवा. बस आली की दोन्हीकडं लाल, बस एकटीच जायची. जे तीन दिवस खोटं केलं होतं तेच आता तो रोज खरं करायला लागला. मी विचारलं, "असं कुठवर रं?"

"मोजनी व्हईपत्तूर. लाखात एक लिवलंय ना कागदावर? तवर मी तो आकडा धरून ठेवतो."

नोकरी नाही, हुकूम नाही, कोणी नेमलेला नाही. सकाळी सहापासून दिवस मावळेपर्यंत. पावसात डोक्यावर खताची गोणी, उन्हात तेवढंही नाही. जुने चालक मानायचे. नवे शिव्या द्यायचे. "ए म्हाताऱ्या, पूल तुज्या बापानं बांदला का?" गोमा म्हणायचा, "बापानं नाय, पन खड्डा मीच भरतो. थांब." एकानं गाडी अंगावर घातल्यासारखी केली, हा हललाच नाही. जेवायला बायजा भाकरी घेऊन जायची आणि तो खाईपर्यंत पदर खोचून स्वतः बावटा धरायची. तिला चालक जास्त घाबरायचे.

खड्डा मात्र रोज उघडायचा. रोजचे साठ-सत्तर डंपर, त्यांच्यापुढं घमेल्यातला मुरूम किती टिकणार? रोज भरायचा, रोज उघडायचा. त्याच्या छातीत धूळ बसली. रात्रभर खोकायचा, कूड हादरायचा. डॉक्टरनं सांगितलं घरी बसा. म्हणाला, "बसतो की. माज्या जागी कोन उबा ऱ्हातो?" डॉक्टरकडं त्याचं औषध नव्हतं.

असे चौदा महिने गेले. मग कुठं परवानगी निघाली. आसावरी आली, तशाच डब्या, तशाच तारा. आता गोमाचा त्रास संपला असं मला वाटलं. ती त्याच्यापुढं उकिडवी बसली आणि म्हणाली, "काका, आता एक करायचं. तीन दिवस तुम्ही पुलाकडं यायचं नाही. खड्डा भरायचा नाही. कोणाला थांबवायचं नाही."

"म्याडम, बस."

"बस बंद करायचा अधिकार मला नाही काका. पूल आज चालूच आहे. बायका उतरून चालत पार झाल्या तर माझी मोजणी बिघडत नाही, डंपरपुढं त्यांचं वजन काहीच नाही. तेवढं त्यांना सांगून बघा."

त्या संध्याकाळी गोमा चौतीस घरं फिरला. दारात उभा राहून हात जोडायचा. तीन दिस उतरून चाला, बायांनो, तीन दिस. माधवी त्याच बसनं जायची, तिच्या सासूनं दार लावून घेतलं. काही हसल्या. नऊ जणी कबूल झाल्या, त्या गोमासाठी नाही, बायजासाठी. सुरभीला मात्र तो सांगूच शकला नाही. ती दारात उभी होती, हा तिच्यापुढं उभा राहिला. ती आत गेली.

पहिल्या सकाळी तो माझ्या ओट्यावर येऊन बसला. तिथून पूल दिसत नाही, पण ऐकू येतं. भरलेला डंपर पुलावर चढला की आधी खड्ड्यात धाड, मग एक लांब घुर्र. आणि बस पार होऊन फाट्याला लागली की चालक हॉर्न द्यायचा, तिकडच्या बायकांना बोलवायला. त्या धाडपासून त्या हॉर्नपर्यंत गोमा श्वास घेत नव्हता. हॉर्न वाजला. त्यानं टॉवेलानं तोंड पुसलं आणि दुसऱ्या दिवसाची वाट बघायला लागला. तेव्हा सकाळचे सव्वासात वाजले होते.

दुसऱ्या दिवशी नऊपैकी तिघीच उतरल्या, चिखल होता म्हणे. बसचा आवाज आला तसा गोमा उठून धावला. बायजा वाटेत आडवी झाली. "बसा खाली! परत तेच करायचंय का? परत खोटं मोजायचंय?" तो तिच्या पायापाशीच बसला. म्हातारा माणूस, मातीत.

तिसऱ्या दिवशी कोणीच उतरलं नाही. धाड. आणि ती घुर्र संपायच्या आत दुसरी धाड. आणि मध्ये बसच्या इंजिनाचा आवाज. दोन डंपर आणि बस, एकदम. माझ्या ओट्यावर पाण्याचा तांब्या होता, तो काही हलला नाही, तेवढ्या लांब कुठून हलणार, पण मला तो हलल्यासारखा दिसला. गोमानं माझा हात धरला. माझी बांगडी पिचली. मी देवाचं नाव घेत होते, तो काहीच घेत नव्हता. तो नुसता कान होता.

हॉर्न आला. उशिरा आला, पण आला.

संध्याकाळी आसावरी ओट्यावर येऊन बसली. चेहरा उतरलेला. म्हणाली, पक्कं गणित व्हायला आठवडा लागेल, पण लाखात एक नाही काका. साठात एक असेल. कदाचित त्याहून वाईट.

गोमानं विचार केला. "साठात एक म्हंजे साठ वर्सांनी?"

"नाही काका. दर वर्षी साठात एक. कोणतं वर्ष, कोणता दिवस, ते नाही सांगता येत. साठ वर्षं काही होणार नाही असंही असेल, आणि उद्याही असेल."

"उद्या पन."

"मी आजच कळवते. जड गाड्या बंद करा म्हणून. हुकूम यायला पाच-सहा दिवस तरी लागतील."

"पाच-सा दिस," गोमा म्हणाला. आसावरीनं आणखी काही सांगितलं ते त्यानं ऐकलं असं मला वाटत नाही.

हुकूम सहाव्या दिवशी आला. पुलाच्या दोन्ही तोंडांना लोखंडी कमानी बसल्या, जड गाडी आत शिरूच नये अशा. डंपर डोंगरामागच्या लांबच्या रस्त्यानं जायला लागले, क्रशरवाला अजून शिव्या देतो. बस फाट्याकडच्या काठावर थांबते आणि चौतीसच्या चौतीस बायका पूल चालत पार करतात. कोणाचं काम गेलं नाही. दहा मिनिटं लवकर निघावं लागतं, एवढंच. पूल उभा आहे. उभा राहिला नसता का, ते आसावरीही सांगू शकत नाही.

गोमानं यातलं काही पाहिलं नाही. मोजणी संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तो खाटेवर आडवा झाला, बायजा ताक घेऊन आली तर गेलेला होता. डॉक्टर म्हणाला, छाती. मी डॉक्टरशी वाद घातला नाही.

त्या सकाळी मात्र तो गेला होता पुलावर. मीही गेले होते, काठी टेकत. तीन दिवस ओट्यावर बसून ऐकलं होतं, एकदा डोळ्यांनी बघावं वाटलं. त्यानं कडेच्या ढिगातून मुरूम घमेल्यात भरला. तीन दिवसांत खड्डा परातीएवढा झाला होता, पाच घमेली लागली. प्रत्येक घमेल्यामागं थांबून खोकायचा. मग धुम्मसानं ठोकला, पायानं दाबून बघितला, पुन्हा ठोकला. मला म्हणाला, "वयनी, कडंला व्हा. धूळ येती."

वळणावर पहिला डंपर दिसला, मागं दुसरा. त्यानं लाल वर केला. दोघं थांबले. पहिल्यातला चालक खिडकीतून ओरडला, "काय दादा, तीन दिस सुट्टी काडली?"

"काडली व्हती," गोमा म्हणाला. "थांब, बस यिऊ दे."

बस वाडीकडून आली. तो बसकडं बघत नव्हता, डंपरांकडं बघत होता, लाल सरळ धरून. बस एकटीच पुलावर चढली, हळू. मी खिडक्या बघत होते. सुरभी मागून तिसऱ्या खिडकीत होती. तिनं त्याच्याकडं बघितलं. त्याला ते दिसलं नाही, त्याची पाठ होती.

फाट्यावर हॉर्न वाजला. गोमानं लाल खाली घेतला, हिरवा उचलला आणि पहिल्या डंपरला म्हणाला, "चल. सावकाश."